आमची वाटचाल: मखरापासून फोमच्या टाइलपर्यंत

आमचा मूळ धंदा मखरांचा. चिपळूणला घराखालच्या गाळ्यात आमचे हे आणि धाकटे भावजी गरम तारेवर थर्माकोल कापायचे, मी रंग नि टिकल्या बघायची, आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने घरात जेवणाच्या ताटात सुद्धा पांढरे दाणे सापडायचे. मग 2018 च्या मार्चमधे राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमचा सीझन एका झटक्यात बसला. बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही, गणपती झाले की वाशिष्ठीच्या काठावर काय यायचं ते आम्हीच बघत होतो. पण घर चालायला हवं होतं ना.

भावजींनी फोम शोधला, म्हणजे ईव्हीए, चपलेच्या सोलला वापरतात तोच, फक्त जरा मऊ. आधी त्याची मखरं करून बघितली, महाग पडली, कोणी घेईना. शीट तशाच पडून होत्या. त्यातच एका शाळेच्या चित्रकलेच्या बाई गाळ्यात आल्या आणि म्हणाल्या, वहिनी, मुलांना ठसेकाम शिकवायचंय पण लिनो (ठसे कोरायची लिनोलियमची शीट) कोरायची धारदार हत्यारं पाचवीच्या पोरांच्या हातात द्यायला भीती वाटते, ह्या फोमवर बॉलपेनने दाबून ठसा होईल का? होतो. रेघ दाबली की खाली बसते, वर रोलरने शाई फिरवली की रेघ कोरी राहते नि बाकीचं छापलं जातं. बाईंना मात्र चोवीस मुलांचं मिळून एकच मोठं चित्र हवं होतं, म्हणून तुकडे एकमेकांत अडकायला हवे होते.

पहिले चोवीस तुकडे मी कटरने कापले, आणि ते इतके वाईट होते की एकही शेजाऱ्यात धड बसेना. शेवटी हे कुंभार्ली घाटातून कऱ्हाड आणि पुढे कोल्हापूर करून चपलांच्या सोलवाल्याकडून डाय बनवून घेऊन आले. डाय म्हणजे प्लायवूडमधे वाकवून बसवलेली धारदार पोलादी पट्टी, शीटवर ठेवून हँडप्रेसने दाबली की एका दाबात एक टाइल. वर आणि उजवीकडे मुंडकं (बाहेर आलेला भाग), खाली आणि डावीकडे खोबण (शेजारचं मुंडकं अडकायची खाच), म्हणजे कुठलीही टाइल कुठेही बसते आणि एकाच डायवर काम भागतं. लोभाने एकदा 10 मिमीचा फोम घेतला, तर दाबताना फोम दबतो नि सुटला की कड आत वळते, मुंडक्याची मान बारीक होऊन तुटायला लागली. तेव्हापासून 5 मिमीच.

आता खरी गंमत. चित्र होतं वाडीचं. मुलांनी आपापलं घर काढलं, टाइल जोडल्या, सगळ्या मस्त बसल्या, आणि वाडीतली चार घरं आडवी झोपलेली! आम्ही तिघं डोकं धरून बसलो, कारण टाइल फिरवली तर बसतच नाही हे आम्ही तपासलं होतं. रात्री जेवताना भावजी एकदम म्हणाले, वहिनी, पोरांनी टाइल उलटी केली असणार. बरोबर होतं. मुंडकी बरोबर मध्यावर असली की टाइल पालथी करून पाव वळसा दिला की ती पुन्हा तश्शीच दिसते, बसते पण, फक्त चित्र आडवं होतं. मग नव्या डायमधे वरचं मुंडकं (आणि अर्थात खालची खोबण) थोडं एका अंगाला सरकवलं, उजवीकडचं मधेच ठेवलं. आता पालथी टाइल बसतच नाही, पोरगं स्वतःच सरळ करतं. ह्या सेंटीमीटरभर सरकवण्याला आमची दोन वर्षं गेली असं मी गमतीने म्हणते, तसं मधे बरंच काही झालं.

22 जुलै 2021 चा पूर झाला. गाळा पूर्ण पाण्याखाली. प्रेस चिखलात, कागदाचा लगदा, शाईचे डबे कुठे गेले देव जाणे. पण फोमच्या शीट तरंगून छताला जाऊन चिकटल्या होत्या! ह्या फोममधली हवेची भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. आठवडाभर चिखल उपसला आणि मग अंगणात शीट धुऊन वाळत घातल्या, साबणाने, चादरी धुतात तशा. त्याच शीटवर पुढचं काम उभं राहिलं. त्या वेळी एका शाळेने बिलाचे पैसे सहा महिने लटकवले ते मी अजून विसरलेली नाही, पण जाऊ दे.

नकाशाचा किस्सा सांगायलाच हवा. एका शाळेला रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा करायचा होता, दाभोळची खाडी, जयगड, गणपतीपुळे, सगळं मुलांनी हौसेने काढलं, नावं पण लिहिली. मांजरपाटाच्या चादरीवर छापलं, वर प्लायवूड टाकून पोरांना बसवलं, कापड उचललं तर अरबी समुद्र पूर्वेला नि सह्याद्री पश्चिमेला! ठसा उलटा येतो हे आम्हाला माहीत होतं हो, पण सांगायचं राहून गेलं. सर माझ्याकडे बघतात, मी सरांकडे. एका बारक्या पोराने कापड खिडकीला लावलं आणि म्हणाला, मागनं बघा, बरोबर आहे. शाई पातळ, कापड विरळ, पलीकडून सगळं सरळ दिसत होतं. तसंच ते मागची बाजू पुढे करून लावलंय. तेव्हापासून टाइलच्या पाकिटात आम्ही बटर पेपर घालतो, त्यावर काढा, पालथा करा, मग टाइलवर दाबा.

टाइलच्या मधल्या फटीत शाई लागत नाही, त्यामुळे छापात पांढऱ्या रेघा येतात. काही शिक्षकांना त्या खुपतात. मला आवडतात, चिऱ्याच्या भिंतीतल्या चुन्यासारख्या दिसतात.

लहान मुलांना चित्र काढायचा कंटाळा आला तर आम्ही इस्त्रीने टाइल जरा गरम करून देतो (मधे कागद, आणि इस्त्री मोठ्या माणसाच्याच हातात) आणि पटकन फणसाचं पान, जाळ्याचा तुकडा, काथ्याची दोरी, शिंपला असं काय मिळेल त्यावर दाबायला सांगतो. थंड झाला की खुणा फोमवर राहतात. माशाचे खवले सगळ्यात भारी उठतात, पण गाळ्यात वास तीन दिवस.

पावसाळ्यात मात्र कार्यक्रम घेणाऱ्यांना आधीच सांगते की छाप लगेच घडी करू नका, आपल्याकडच्या दमट हवेत पाण्याची शाई पण दोन दोन दिवस ओलसर राहते. आमच्या गाळ्यात जुलैत कायम दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्याखालून वाकून जावं लागतं, ह्यांचं डोकं रोज एकदा तरी निळं होतं.

गरम तारेचं जुनं मशीन अजून माळ्यावर आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, हे द्यायला तयार नाहीत.