‘गोर’ मालिकेचे वाचक आणि त्यांचे न मिटणारे वाद

तत्त्वज्ञानाचे अमेरिकन प्राध्यापक जॉन लँग यांनी ‘जॉन नॉर्मन’ या टोपणनावाने १९६६ साली सुरू केलेल्या ‘गोर’ या कादंबरीमालिकेचे तीसहून अधिक भाग झाले, तरी तिच्याविषयी वाचकांचे एकमत काही होत नाही. सूर्याआड दडलेल्या, पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या ग्रहावरचे हे साहस आहे. आरंभीचे भाग सर्वांत सरस, असे जुने वाचक आवर्जून सांगतात आणि ते मलाही पटते. टार्न या महाकाय पक्ष्याच्या गळपट्ट्याला जोडलेल्या लगामांपैकी पहिला ओढला की तो वर झेपावतो, चौथा ओढला की खाली उतरतो, अशा तपशिलांमुळे ते जग खरे वाटू लागते.

पुढे मात्र कथानक मागे पडते, दास्य हाच स्त्रीचा स्वभाव असल्याची प्रवचने पानोपानी सुरू होतात आणि नायक टार्ल कॅबट कित्येक भागांतून गायबच असतो. चाहते याला निव्वळ कल्पनाविलास म्हणतात, तर टीकाकार उघड स्त्रीद्वेष. माझ्या मते शृंगार खटकत नाही, त्याला सिद्धान्ताचा मुलामा देण्याचा अट्टहास खटकतो. (शिवाय तोच सिद्धान्त पुनःपुन्हा!) १९८८ मधील पंचविसाव्या भागानंतर मालिका खंडित झाली, ती २००१ मध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्याला विचारांपायी वाळीत टाकले गेले, असे लेखकाचे म्हणणे आहे, पण त्यावरही वाचकांत दोन तट आहेतच.