खाणीतला ४०७: टर्बो बदलाची नोंद, मे अखेरपर्यंत

गाडी अशी: टाटा ४०७, ४९७ इंजिन, मेकॅनिकल डिझेल पंप, कंपनीचा छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या झोताने फिरणारी टर्बाइन आणि तिच्याच शाफ्टवर इंजिनात हवा दाबणारा कॉम्प्रेसर), इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारा रेडिएटर) नाही. मित्राच्या खडीच्या खाणीत धूळ बसवायला पाणी मारत फिरते. टाकीत अडीच हजार लिटर, म्हणजे अडीच टन वजन, आणि खाणीच्या तळातून क्रशरपर्यंत येणारा लांबलचक चढ. थंडीत कुरकुर न करता चढते. एप्रिल लागला की अर्ध्यावर दम टाकते, काळा धूर ओकते आणि ड्रायव्हरला पहिला गिअर टाकावा लागतो. मला एवढंच हवं होतं: मे महिन्यात भर दुपारी, भरल्या टाकीने, दुसऱ्या गिअरवर वर यायचं आणि टर्बोच्या तोंडाशी एक्झॉस्ट ७०० अंशांच्या आत ठेवायचा.

हॉर्सपॉवरचा आकडा विचारणाऱ्यांसाठी: हिशोबाला १३० धरलाय. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी चढवलेली नाही, चढवायचीही नाही. चढ हाच डायनो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. ही गाडी खाणीच्या हद्दीबाहेर जात नाही. रस्त्यावर चालणाऱ्या एमएच १३ (सोलापूर) नंबरच्या गाडीवर हे प्रयोग करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पासिंगला गाडी उभी राहिली की सगळी हौस फिटेल.

कागदावरचं काम

४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १०० चा, त्यामुळे २९५६ सीसी. गॅरेट कंपनीच्या टर्बोचे नंबरही असेच बोलके असतात. जीटी२५५४आर मधले २५ म्हणजे टर्बाइनचा साचा, ५४ म्हणजे कॉम्प्रेसर व्हीलचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे बॉल बेअरिंग.

टर्बो निवडताना बहुतेक जण इंजिनाचा सीसी बघतात आणि थांबतात. खरी निवड हवेच्या वजनावर होते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर वर. हवेचा दाब १४.७ ऐवजी १३.९ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). त्यात ४२ अंशांची दुपार धरली तर एक घनमीटर हवा १.०६ किलो भरते. पुस्तकातली प्रमाण हवा १.२२५ ची. म्हणजे सेल्फ मारायच्या आधीच तेरा टक्के हवा गायब. पंप मात्र डिझेल तेवढंच ढकलतो. एप्रिलमधला काळा धूर तिथून येतो, नोझल दरवेळी बदलून तो जाणार नाही.

१३० हॉर्सपॉवरसाठी हवा आणि डिझेलचं प्रमाण २० ला १ धरलं (याच्या खाली उतरलात की धूर आणि उष्णता दोन्ही वाढतात) आणि एका हॉर्सपॉवरला तासाला ०.३८ पौंड डिझेल धरलं, तर मिनिटाला साडेसोळा पौंड हवा लागते. साडेसात किलो. २८०० आरपीएमला, इनटेक मॅनिफोल्डमधली (इंजिनात जाणारी) हवा ६५ अंशांवर ठेवून, एवढी हवा आत घालायला १६ पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या दाबावर टर्बोने चढवलेला दाब, लागतो. फिल्टर आणि इंटरकूलरमधली घट धरून प्रेशर रेशो (कॉम्प्रेसरच्या बाहेरचा दाब भागिले आतला) २.३.

मग कॉम्प्रेसरचा नकाशा, म्हणजे तो किती दाबाला किती हवा देतो त्याचा आलेख, उघडायचा. वरच्या टोकाचा ठिपका बहुतेक टर्बोंत छान बसतो, माणूस फसतो तो खालच्या टोकाला. चढावर इंजिन १६०० वर असतं. तिथे ८ पीएसआय बूस्ट धरला तर हवा मिनिटाला जेमतेम सात पौंड. जीटी२८ घराण्यातल्या मोठ्या टर्बोवर हा ठिपका सर्जच्या रेषेला खेटून बसतो. सर्ज म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेली हवा पुढे न जाता उलटी फिरणं. चढावर फडफड ऐकू येते आणि थ्रस्ट बेअरिंगचं आयुष्य संपत येतं. म्हणून मोठा सोडला, २५५४आर घेतला. बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या नकली मालाचा सुळसुळाट आहे, तेव्हा नंबर प्लेट आणि सीरियल पडताळल्याशिवाय पैसे देऊ नका.

फेब्रुवारी, मार्च: आधी मोजमाप, मग इंटरकूलर

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली आणि गाडी शेडमध्ये घेतली. सगळ्यात आधी पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर). त्याचा सेन्सर, म्हणजे के टाइप थर्मोकपल, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी. पुष्कळ जण भोक पाडायला सोपं म्हणून टर्बोच्या मागे सायलेन्सर पाइपात बसवतात. लोडवर तिथे शंभरेक अंश कमी दिसतात, आणि पिस्टनला काय सोसावं लागतंय ते कळतच नाही. मॅनिफोल्ड खाली उतरवूनच ड्रिल मारलं. बिडाचा एक कीस टर्बाइनमध्ये गेला तर पुढचं सांगायला नको.

जुन्या टर्बोवर, ३५ अंशांच्या दुपारी, भरली टाकी: बूस्ट ९, इनटेक मॅनिफोल्डमधली हवा ११०, चढाच्या डोक्यावर एक्झॉस्ट ६९०, आणि काटा अजून वर सरकत होता. म्हणजे नव्या टर्बोचं नाव काढायच्या आधीच गाडी काठावर होती.

म्हणून टर्बो खोक्यातच ठेवला आणि इंटरकूलर आधी बसवला. मोडीत निघालेल्या मोठ्या ट्रकचा ॲल्युमिनियमचा कोअर, दोन्ही टोकांच्या टाक्या कापून आर्गनने नव्याने जोडलेल्या. पाण्यात बुडवून २५ पीएसआय हवा भरली, एका कोपऱ्यातून बुडबुडे आले, तिथे परत वेल्डिंग. रेडिएटरच्या पुढे, पंख्याच्या ओढीत बसवला. खाणीत गाडी रांगते, समोरून वारा मिळत नाही, त्यामुळे पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर नीट बंद करण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. फटी फोमच्या पट्टीने बुजवल्या. इथे आळस केला तर पंखा कोअरमधून हवा ओढायचं सोडून बाजूची हवा ओढतो.

त्याच चढावर, त्याच पंपावर, तसल्याच दुपारी: बूस्ट ८, हवा ६२, एक्झॉस्ट ६४०. आत जाणारी हवा जेवढे अंश उतरली, जवळपास तेवढाच एक्झॉस्ट उतरला. एक स्क्रू न फिरवता. ज्यांच्याकडे जुना टर्बोवाला ४९७ आहे आणि खर्च एकाच गोष्टीवर करायचाय, त्यांनी एवढंच करून थांबावं असं माझं प्रामाणिक मत आहे. नवा टर्बो ही त्यापुढची हौस.

एप्रिल: टर्बो चढला

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा फ्लँज (जोडाचं सपाट तोंड) आणि नव्या टर्बोचा चार बोल्टांचा टी२५ फ्लँज जुळत नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे पार्ट करणाऱ्या टर्नरकडून जाड प्लेटचा ॲडॅप्टर करून घेतला. दोन्ही बाजूंची भोकं वेगळ्या मापाची, म्हणून आतला मार्ग तिरपा घासून एकसंध केला. वेल्डिंगनंतर प्लेट वाकतेच, त्यामुळे शेवटी दोन्ही तोंडं परत मशीनवर सपाट केली. गॅस्केट स्टीलचं, पापडासारखं ठिसूळ ॲस्बेस्टॉस नको.

ऑइलची लाइन नीट सांगतो, कारण टर्बो मरतात ते बहुतांशी इथेच. बॉल बेअरिंगच्या टर्बोला साध्या बुश बेअरिंगपेक्षा खूप कमी ऑइल लागतं. इनलेटला साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर हवा, दाब ४० ते ४५ पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही. जास्त झालं की ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं, निळा धूर येतो, आणि लोक टर्बो खराब म्हणून परत करतात. रिस्ट्रिक्टरच्या पुढे तात्पुरता गेज लावून गार इंजिनावर, रेस देऊन बघितलं: ४१.

ऑइल परत जाण्याचा पाइप मात्र मोठा आणि जवळजवळ उभा हवा. तिथे दाब नसतो, फेसाळ ऑइल स्वतःच्या वजनाने खाली येतं. मूळ पाइपला चॅसिसजवळ एक बाक होता, तो काढून इंजिनाच्या तळाच्या ऑइल संपवर नवी जागा केली. पाण्याच्या दोन नळ्या टर्बोपासून वर चढत्या ठेवल्या, म्हणजे इंजिन बंद केल्यावरही तापलेलं पाणी आपोआप वर सरकतं आणि गार पाणी बेअरिंगपाशी येतं. तरीही ड्रायव्हरला ताकीद आहे: चढून आल्यावर दोन मिनिटं स्लोवर ठेव, मगच बंद कर.

पहिल्या सेल्फच्या आधी टर्बोत वरून ऑइल ओतलं, हाताने व्हील फिरवलं, मग डिझेल बंद ठेवून सेल्फ मारत राहिलो, ऑइलचा गेज हलेपर्यंत. लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या शाफ्टला पहिले काही सेकंदही कोरडे परवडत नाहीत.

एअर फिल्टर पण बदलला. खाणीची भुकटी म्हणजे दळलेला काळा बेसाल्ट. पेपर फिल्टरच्या आधी गरगर फिरवून धूळ बाहेर टाकणारा प्री-क्लीनर लावलाय, त्याची वाटी रोज संध्याकाळी रिकामी करायची. उतरवलेल्या जुन्या टर्बोच्या कॉम्प्रेसरची पाती बोटाने चाचपली तेव्हा पुढची कड ब्लेडसारखी पातळ झाली होती, दोन पात्यांचे कोपरे तर गोलच. ही धूळ बघता बघता ॲल्युमिनियम खाते.

पंप

नवा टर्बो, जुनं डिझेल: बूस्ट ११, एक्झॉस्ट ५९०, गाडी शांत, धूर नाही, आणि ओढ पूर्वीइतकीच. हे अपेक्षितच होतं. टर्बो ताकद देत नाही, जास्त डिझेल जाळायची जागा करून देतो.

पंप काढून कॅलिब्रेशनवाल्या मामांकडे नेला. पंप हातात दिला की चार जण लगेच डिझेल वाढवणारा मुख्य स्क्रू अर्धा आटा फिरवून देतात. मामा त्यातले नाहीत. मी १३० चा हिशोब पुढे केला. त्यांनी कागद बघितलाच नाही.

"धूर पाहिजे का वढ पाहिजे, आधी ते सांगा की ओ सायेब."

"ओढ, मामा."

"मग स्क्रूला हात लावू नका. आधी वरचं डोकं बघू."

वरचं डोकं म्हणजे बूस्ट कॉम्पेन्सेटर, बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणारा भाग. आत डायफ्राम, खाली स्प्रिंग, मध्ये निमुळती पिन. बूस्ट आला की डायफ्राम दबतो, पिन खाली सरकते आणि डिझेल वाढवणाऱ्या रॅकला (पंपातल्या दांड्याला) पुढे जायला वाट मिळते. डायफ्राम कडक झाला होता, पूर्ण सरकतच नव्हता. नवा घातला, स्प्रिंगचा ताण असा धरला की ५ पीएसआयच्या आत जादा डिझेल सुटणारच नाही. मग बेंचवर चारही काचेच्या नळ्यांत माप सारखं केलं, आणि सगळ्यात शेवटी मुख्य माप थोडंसं वाढवलं. नोझलही तपासले, एक आधीच ठिबकत होता, तो बदलला.

गाडीवर परत आल्यावर बूस्ट १३ वर अडकला. वेस्टगेट (बूस्ट जास्त झाला की एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) बंद, पंप ठीक, मग हवा जाते कुठे? इंटरकूलरकडे जाणारा सिलिकॉन होज लोडवर फुगून क्लिपखालून फुसकत होता. गार इंजिनावर काहीच दिसत नाही, साबणाच्या पाण्यानेही नाही. नळीचं टोक साधं होतं, त्यावर वेल्डिंगचा उंचवटा फिरवला, टी-बोल्ट क्लिप लावली, बंद.

मे: चढ

दुपारचे तीन, सावलीत ४२. टाकी काठोकाठ. दुसरा गिअर, तळातून सुरुवात. १५०० पासून शीळ ऐकू येते, १७०० ला ९ पीएसआय, मधल्या वळणाच्या पुढे १६. हवा ७४ अंश. कागदावर ६६ यायला हवे होते. कॉम्प्रेसरमधून १६३ अंशांनी निघणारी हवा ऐंशी टक्के गार होईल असं मी धरलं होतं, रांगत्या गाडीला ते साधत नाही. एक्झॉस्ट डोक्यावर ६८०, आणि महत्त्वाचं म्हणजे काटा तिथेच थांबला. धूर फक्त गिअर टाकताना, एक फुसका.

ड्रायव्हरने तिसरा टाकून बघितला. तिसऱ्यावर गाडी निघाली, पण काटा ७२० कडे जाताना दिसल्यावर मी त्याला परत दुसऱ्यावर यायला लावलं. ७०० च्या वर काही सेकंद चालतं, पूर्ण चढ नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचेच आहेत.

तिसऱ्या गिअरने एक नवीन गोष्ट दाखवली. १६ पीएसआयला इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग तसाच राहतो, केबिनमध्ये जळका वास. क्लच घसरतोय. प्लेट जुनीच आहे, आणि आता तिच्यावर पूर्वी कधी नव्हता एवढा भार येतो. क्लचचं काम होईपर्यंत तिसरा गिअर चढावर बंद, आणि वेस्टगेटची सळई एक आटा सैल करून बूस्ट १४ वर आणलाय.

पाऊस लागला की खाणीत पाणी मारायचं काम थांबतं, तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवणार. ४९७ ला जड प्रेशर प्लेट कुणी बसवली असेल तर दोन गोष्टी सांगा: पेडल किती जड झालं, आणि जुना रिलीज बेअरिंग टिकला का. सिरॅमिक प्लेट सुचवू नका, रांगत्या गाडीत झटके देते, ड्रायव्हर शिव्या घालेल.