इंग्रजी विशेषणांच्या फसव्या जोड्या

मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहायला आल्यापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार भागातील बरेच विद्यार्थी परदेशी विद्यापीठांसाठी लिहिलेले आपले अर्ज मला वाचायला पाठवतात. त्यांचे व्याकरण बहुधा नीटनेटके असते. अडचण येते ती विशेषणांपाशी, आणि त्यातही एकाच मुळातून निघालेल्या जोड्यांपाशी. शाळेत समानार्थी शब्दांचे तक्ते पाठ केल्यामुळे, तक्त्यात शेजारी असलेले दोन शब्द वाक्यातही एकमेकांच्या जागी चालतात, असा समज होऊन बसतो आणि तो पुढे महाविद्यालयातही सुटत नाही.

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या दोन्हींना आपण ‘ऐतिहासिक’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ज्या घटनेला इतिहासात मोठे महत्त्व आहे ती हिस्टॉरिक, आणि जे केवळ गतकाळाशी किंवा इतिहासाच्या अभ्यासाशी संबंधित आहे ते हिस्टॉरिकल. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला भरलेले काँग्रेसचे अधिवेशन, म्हणजे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, हिस्टॉरिक ठरते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील जुनी कागदपत्रे हिस्टॉरिकल होत, मग त्यांतील एखाद्या कागदात साधा घरगुती हिशोब का असेना.

‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवहाराशी संबंधित, तर ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे भाव कोसळले, तर शेतकऱ्यापुढे उभी राहणारी अडचण इकॉनॉमिक असते. त्याच केळीला पाणी देणारे ठिबक सिंचन इकॉनॉमिकल असते. शिष्यवृत्तीच्या अर्जात घरच्या ‘इकॉनॉमिकल’ अडचणी लिहिल्या, तर वाचणाऱ्याला ‘काटकसरी अडचणी’ असा अर्थ लागतो, आणि ज्या कुटुंबाने कर्ज काढून मुलीला शिकवले त्याची खरी परिस्थिती त्या एका प्रत्ययापायी झाकली जाते. मला याचे फार वाईट वाटते. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस आणि ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे संवेदनशील किंवा हळवा, हा भेद त्या मानाने लवकर लक्षात राहतो.

काही जोड्यांमध्ये मात्र फरक शोधणे हेच धोक्याचे असते. ‘फ्लेमेबल’ म्हणजे ज्वलनशील. म्हणून ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असे अनेकांना वाटते, कारण ‘इनकम्प्लीट’सारख्या शब्दांत ‘इन’ नकार दाखवतो. प्रत्यक्षात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे. ‘इनफ्लेमेबल’ हा शब्द ‘पेटवणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे आणि त्यातील ‘इन’ नकारार्थी नाही. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणूनच धोक्याच्या सूचनांमध्ये आता ‘फ्लेमेबल’ वापरण्याकडे कल आहे, आणि न पेटणाऱ्या वस्तूसाठी ‘नॉनफ्लेमेबल’ असे स्पष्ट लिहितात. खान्देशात कापसाच्या जिनिंगमध्ये लागणारी आग किती झपाट्याने पसरते, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला, त्याचे इंग्रजी जेमतेम असले तरी, ही जोडी समजावून सांगितलीच पाहिजे.

‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. काटेकोर लेखनात पहिल्याचा अर्थ ज्याचा स्वतःचा लाभ गुंतलेला नाही असा तटस्थ माणूस, तर दुसऱ्याचा अर्थ ज्याला रस नाही असा. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, पण अनइंटरेस्टेड नसावा. तरीही ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशी पुष्कळ माणसे पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थाने वापरतात, आणि शब्दकोशांनीही त्या वापराची नोंद घेतली आहे. त्यामुळे अर्जात किंवा शिफारसपत्रात तटस्थपणा सांगायचा असेल, तर ‘इम्पार्शल’ हे विशेषण वापरावे, असे मी या विद्यार्थ्यांना सुचवतो. त्याचा दुसरा अर्थ कोणी लावत नाही.