फादर असताना मास्तर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "फादर आहेत, सिस्टर आहेत, मग गावात हे धर्मशिक्षक मास्तर आणखी कशाला?" असं शेजारीपाजारी विचारतात. कॅथलिक आईवडीलही वेगळ्या शब्दांत तेच विचारतात: "पोरांकडून चार प्रार्थना पाठ करून घेतल्या की झालं ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंतरात आहे. औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश, १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला आणि मराठवाडाभर पसरला. एकेका फादरांकडे अनेक गावं असतात, मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची मुख्य उपासना, प्रत्येक गावात दर रविवारी होतेच असं नाही. गावातच राहणारा, कुणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कुणाचा पोरगा तीन रविवार दिसला नाही हे ठाऊक असणारा माणूस लागतो. तो मास्तर, किंवा बाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, मिशनकार्यावरच्या १९६५ च्या दस्तऐवजात या माणसांचं काम अत्यंत मोलाचं म्हटलं आहे. चर्चच्या कायद्यातही त्यांच्यासाठी स्वतंत्र कलम आहे, ७८५ वं. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेला रीतसर पद म्हणून मान्यता दिली.

मास्तराच्या मर्यादा आधी सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. मिस्सा अर्पण करणं, पापनिवेदन ऐकून क्षमा देणं, आजाऱ्याला पवित्र तेलाचा अभ्यंग करणं ही कामं धर्मगुरूंचीच. फादर येऊ शकले नाहीत तर मास्तर रविवारची प्रार्थनासभा चालवतो: वाचनं, स्तोत्र, विनंत्या, प्रभूची प्रार्थना. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून अर्पण झालेली भाकरी, वाटायचा तर तशी नेमणूक लागते, आणि तोही आधीच्या मिस्सेत अर्पण होऊन पेटीत राखलेला. अशा सभेत मिस्सेतली अर्पणाची प्रार्थना म्हणायची नाही, थोडीसुद्धा नाही. लोकांना बरं वाटावं म्हणून कुणी हौसेने म्हणतो, मग पुढे कोणती सभा मिस्सा होती आणि कोणती नव्हती हेच लोकांना कळेनासं होतं.

एक संस्कार मात्र अडचणीत कुणीही देऊ शकतो: बाप्तिस्मा, ख्रिस्ती होण्याचा पहिला संस्कार. दवाखाना लांब, बाळ जाईल अशी अवस्था, तेव्हा मास्तराला हे झोपेतून उठवलं तरी यायला हवं. साधं पाणी चालतं. डोक्यावर तीनदा ओतायचं आणि ओततानाच म्हणायचं: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." आधी नाव घ्यायचं. पाणी कातडीवरून वाहायला हवं. ओला रुमाल टोपड्यावर फिरवला तर उपयोग नाही. एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, हेही चालत नाही. "मी" च्या जागी "आम्ही" म्हटलं तर संस्कार ग्राह्य होत नाही, रोमने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. नंतर तारीख, आईवडिलांची नावं, साक्षीदार हे सगळं लिहून धर्मग्रामाच्या (फादरांच्या मुख्य चर्चच्या) नोंदवहीसाठी पाठवायचं. बाळ वाचलं तर पुन्हा बाप्तिस्मा नसतो, उरलेले विधी तेवढे चर्चमध्ये पूर्ण होतात. नोंद करायची राहून गेली की वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी कागद सापडत नाही, आणि तोवर साक्षीदार कुठे असतील सांगता येत नाही.

आता शिकवण्याचं. सगळ्यात पहिला धडा क्रूसाच्या खुणेचा, आणि सगळ्यात जास्त चूकही तिथेच. उजवा हात कपाळावर, छातीवर, मग डाव्या खांद्यावर, शेवटी उजव्या. मास्तर मुलांकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा डावा खांदा समोरच्या पोराच्या उजव्या हाताला दिसतो, आणि पोरगं आरशासारखं बघून उलटं करतं, अनेकदा डाव्या हातानेच. पाच वर्षांच्या मुलाला "माझा डावा, तुझा डावा" सांगून कळत नाही. मास्तराने सरळ पाठ फिरवून उभं राहावं, किंवा स्वतः मुद्दाम उलटं करून दाखवावं. सुरुवातीला मुलांच्या उजव्या मनगटाला दोरा बांधला तरी चालतं. ही खूण म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांची पहिली शिकवण. ती घाईत हात झटकल्यासारखी झाली तर पुढची शिकवणही तशीच होते.

त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ यांचं उदाहरण देऊ नये. सोपं वाटतं, पण त्यातून एकच देव तीन सोंगं घेतो असा अर्थ निघतो, आणि चर्चने तो फार पूर्वी नाकारला आहे. आपल्याकडे दुसरी ओढ ब्रह्मा-विष्णू-महेशांकडे असते, तीन देव, तीन कामं. तेही नाही. लहान मुलांना येशू पित्याशी कसा बोलतो हे शुभवर्तमानातून (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातून) वाचून दाखवावं, येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग सांगावा: पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा, पित्याचा आवाज. एवढ्यावर सात-आठ वर्षांचं मूल समाधानी होतं. उरलेलं ते वाढता वाढता विचारतं, आणि त्याने विचारायलाच हवं.

येशूचे दाखले, म्हणजे बोधाच्या छोट्या गोष्टी, सांगताना आपल्या मातीचा फायदा होतो आणि अडचणही. पेरणाऱ्याचा दाखला घ्या, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला. गंगापूर-वैजापूरकडचं पोरगं पेरणी बघतच वाढलेलं असतं, पण त्याने बघितलेली असते तिफण, नाहीतर ट्रॅक्टरमागचं पेरणी यंत्र, ओळीत बी टाकणारं. दाखल्यातलं बी वाटेवर, खडकावर, काट्यांत पडतं. ते ऐकून हुशार पोरगं विचारतं, "मास्तर, तो शेतकरी येडा होता का?" प्रश्न अगदी रास्त आहे. तेव्हा आधी सांगायचं की त्या देशात बी मुठीने फोकत. आपल्याकडेही मेथी-कोथिंबिरीचा वाफा फोकूनच करतात. वाफ्यात मूठभर मेथी फोकून दाखवावी, काही दाणे बांधावर जातातच. मग तीसपट, साठपट, शंभरपट. आणि मग मुद्दा येतो की पेरणाऱ्याने वाट बघून, जमीन निवडून पेरलं नाही, सगळीकडे टाकलं. हे आधी स्पष्ट केलं नाही तर पोरं तासभर त्या शेतकऱ्याच्या मूर्खपणावरच अडकून बसतात आणि घरी तेवढंच सांगतात.

तास पाऊण तासाचा पुरे. गाणं पाच मिनिटं, पेटी-ढोलकी असेल तर उत्तम, नसेल तर टाळ्या. मग मुलांच्या जगातली एखादी गोष्ट, मग शुभवर्तमानातला उतारा, मोठ्याने, हळू, बायबल हातात धरून. फोनवरून वाचू नये, ग्रंथाचा मान मुलांना हातात दिसला पाहिजे. त्यानंतर स्पष्टीकरण, दहा-बारा मिनिटांच्या वर नाही. मग दोन मिनिटं शांतता. ही दोन मिनिटं सगळ्यात अवघड. मास्तर घाबरून मध्येच बोलायला लागतो आणि मुलांना प्रार्थना म्हणजे सतत बडबड असं वाटू लागतं. शेवटी पाठांतर, पण एका वेळी एकच ओळ.

हो, पाठांतर लागतंच. आपली भाषा ओवी-अभंगाची आहे. गोव्यातल्या फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओव्यांत लिहिलं, १६१६ मध्ये ते छापलं गेलं, तेही याच जाणिवेतून. पाठ केलेली प्रार्थना म्हातारपणी, तापात, दुःखात तोंडी येते, त्या वेळी नवे शब्द सुचत नाहीत. पण अर्थ न सांगता पाठ करून घेतलं की शब्द झिजतात, मरियेच्या प्रार्थनेतल्या "नमो मरिये" चं काहीतरी भलतंच होतं आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अधूनमधून एकेका मुलाकडून एकट्याने म्हणवून घ्यावं, घोळक्यात सगळे बरोबरच वाटतात.

देवाच्या दहा आज्ञांच्या बाबतीत एक खास अडचण. मावशी मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाची), काका दुसऱ्या मंडळीत, हे आपल्याकडे घरोघरी. पोरगं तिकडून वेगळा क्रम शिकून येतं. कॅथलिक क्रमात मूर्तीची आज्ञा पहिल्या आज्ञेतच येते आणि लोभाच्या दोन आज्ञा होतात, नववी आणि दहावी. प्रोटेस्टंट मंडळींत साधारणपणे मूर्तीची आज्ञा दुसरी आणि लोभाची एकच. दोन्हीकडे मजकूर तोच, बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला, फक्त मोजणी निराळी. हे शांतपणे फळ्यावर मांडावं, मावशीला चुकीचं ठरवू नये. बायबलचंही तसंच: आपल्यात ७३ पुस्तकं, त्यांच्यात ६६. टोबित किंवा मक्काबी ही पुस्तकं त्या घरच्या प्रतीत सापडत नाही म्हणून पोरगं गोंधळलं तर त्याला कारण सांगावं.

प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी मुलाला समज आल्यावर, साधारण सात वर्षांनंतर, आणि त्याआधी पहिलं पापनिवेदन. पापनिवेदनाची पाच पावलं शिकवतात: विवेक तपासणं, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निर्धार, सांगणं, दिलेलं प्रायश्चित्त करणं. इथे मास्तराने एक गोष्ट कधीच करू नये. मुलांना पापं कागदावर लिहायला लावून ते कागद गोळा करू नयेत, वर्गात कुणाला "तू काय सांगणार?" असं विचारू नये. पापनिवेदन मूल आणि धर्मगुरू यांच्यातलं, आणि त्यांच्यापुढे फक्त देव. तयार यादीही देऊ नये. दिली की सगळी मुलं तीच तीन पापं सांगतात, न केलेलीसुद्धा.

ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सराव अर्पण न केलेल्या भाकरीने करावा, म्हणजे त्या दिवशी चवीने मूल बिचकत नाही. डावा तळहात उजव्यावर, "ख्रिस्ताचे शरीर" म्हटल्यावर "आमेन", आणि तिथेच तोंडात घ्यायचं, हातात धरून जागेवर जायचं नाही. घेण्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. सरावाच्या भाकरीचा डबा वेगळा, ठळक चिठ्ठी लावलेला. तो वेदीजवळ राहिला आणि भाकरी मिसळली तर फार मोठा घोटाळा होतो.

मराठवाड्यात या सगळ्यावर एक मोठी गोष्ट स्वार आहे: ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकात जातात, बरोबर मुलंही. येतात मार्च-एप्रिलमध्ये, गाळप लांबलं तर आणखी उशिरा. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात कधीही येतो, म्हणजे त्याआधीचा प्रायश्चित्तकाळ बहुतेक फडावर जातो. शहरी वेळापत्रक तसंच्या तसं लावलं की हीच मुलं दरवर्षी "अपूर्ण तयारी" म्हणून मागे पडतात, आणि तो त्यांचा दोष नसतो. पेरणी उरकल्यापासून दसऱ्यापर्यंत आठवड्यात दोन वर्ग घ्यावेत, दिवेलागणीनंतर. सप्ताहाचा स्पीकर सुरू असेल त्या आठवड्यात सकाळी. प्रथम ख्रिस्तप्रसाद मे महिन्यात ठेवावा, सकाळी सात वाजता, उन्हाच्या आत. जाणाऱ्या कुटुंबाबरोबर मुलाने कुठवर शिकलं याची चिठ्ठी द्यावी, कारखान्याजवळच्या धर्मग्रामात दाखवायला.

मोठी माणसं ख्रिस्ती होण्यासाठी येतात तेव्हा घाई अजिबात नको. आधी चौकशीचा काळ, मग उमेदवार म्हणून स्वीकारण्याचा विधी, मग शिक्षण, बहुधा वर्षभर किंवा जास्त. प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. मास्तराने का आलात हे विचारावं. आजार बरा झाला म्हणून, लग्नासाठी, मदत मिळेल म्हणून आलेल्यांना थांबवून बोलावं. मदतीचं आश्वासन देऊन श्रद्धा मिळवायला चर्चच मनाई करतं. आणि एक गोष्ट बाप्तिस्म्याआधीच स्पष्ट सांगावी: अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर ती सवलत राहत नाही. हे लपवणारा मास्तर त्या माणसाचं नुकसान करतो, आणि उद्या गावात चर्चला खोटं ठरवतो.

मुलांचा वर्ग उघड्या दारानेच घ्यावा, जवळ दुसरं मोठं माणूस असावं, आणि एकट्या मुलाला घरी बोलावून शिकवू नये. आईवडिलांची लेखी संमती वहीत लावून ठेवावी. हे अविश्वासाचं लक्षण नव्हे, मुलांच्या रक्षणाचं आहे, आणि मास्तराच्याही.

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे येतो. वर्गातला पाऊण तास आठवड्यात एकदा, फार तर दोनदा येतो, बाकीचे सगळे तास घरचे. पहिले धर्मशिक्षक आईवडीलच, हे चर्च आजही म्हणतं. म्हणून मास्तराने महिन्यातून एकदा तरी घरी जावं, ओट्यावर बसावं, चहा घ्यावा, आणि रात्री जेवणाआधी एक प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणता येते का एवढंच बघावं. दादा-ताईंना येत नसेल तर पोरानेच त्यांना शिकवावं. पोराला शिकवलेलं आजीपर्यंत पोहोचलं की पुढच्या वर्षी वर्गात बसायला आजीही येते, आणि तिचे प्रश्न पोरांपेक्षा अवघड असतात. मास्तराने त्या तयारीने बसावं.