पाणी म्हणून बसवलेलं जस्त

त्या प्रथिनकुळाला नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पीफॅम या प्रथिनकुळांच्या संग्रहात अशा कुळांना 'डीयूएफ' म्हणतात, म्हणजे काम अज्ञात. अमिनो आम्लांचा क्रम ओळखीच्या एकाही एन्झाइमशी धड जुळत नव्हता. पण क्रम बदलत गेला तरी प्रथिनाची घडी, म्हणजे त्याचा त्रिमितीय आकार, बराच काळ टिकते. त्या भरवशावर आम्ही स्फटिक वाढवून रचना काढायला घेतली होती.

"मॅडम, पाणी बसवलं तरी इथला हिरवा ठिपका जात नाहीये," माझी विद्यार्थिनी म्हणाली. क्ष-किरणांवरून काढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या नकाशात हिरवं उरलं की समजायचं, आपण बसवलंय त्याहून जास्त इलेक्ट्रॉन तिथे आहेत. अंतरं मोजली. एक अस्पार्टेट, दोन हिस्टिडीन, ही तिन्ही अमिनो आम्लं जेमतेम २.१ अँगस्ट्रॉमवर. पाणी इतकं लगटून बसत नाही. धातूच!

मला आधी संशय आला तो निकेलचा, कारण शुद्ध करताना प्रथिन निकेलच्याच कॉलमवरून उतरवलं होतं. (कॉलमने दिलेल्या धातूवर मी पूर्वी एकदा चांगलीच फसलेय.) सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरणांच्या यंत्रावर, घेऊन ठेवलेला फ्लुओरेसन्स स्कॅन उघडला; कुठल्या ऊर्जेला उडी दिसते त्यावरून धातू ओळखता येतो. निकेलच्या ८.३३ केईव्हीला काही नाही, उडी ९.६६ ला. जस्त.

मग रचना डालीवर, म्हणजे रचनांची तुलना करणाऱ्या सर्व्हरवर, टाकली. वर आली ती साखरेवरचा अ‍ॅसिटिल गट काढणारी एन्झाइमं. क्रमातलं साम्य १५ टक्क्यांच्याही खाली, पण एकावर एक ठेवल्यावर धातू धरणारे ते तिघं जागच्या जागी बसले. जनुकाच्या शेजारीही साखर आत आणणाऱ्या प्रथिनांचीच जनुकं होती. ती आम्ही आधीच पाहायला हवी होती.

तरी घडी म्हणजे पुरावा नव्हे. एकाच घडीत निसर्ग वाटेल ती कामं करून घेतो. तीन आठवड्यांनी काइटिनचे, म्हणजे असे गट लागलेल्या साखरांच्या साखळीचे, छोटे तुकडे देऊन पाहिले. मास स्पेक्ट्रममध्ये मूळ शिखराच्या अलीकडे, बरोबर ४२ डाल्टनांनी हलकं, नवं शिखर उभं! एक अ‍ॅसिटिल गेला की वजन तेवढंच घटतं. ईडीटीए घालून धातू काढून घेतला, शिखर गायब. जस्त परत दिलं, शिखर परत.

विद्यार्थिनी लगेच कुळाचं नवं नाव लिहायला बसली. मी तिला आधी संपूर्ण कुळाच्या क्रमांची जुळणी उघडायला लावली. काही सदस्यांत त्या दोनांपैकी एक हिस्टिडीनच नव्हता.

"मग ही काय करतात?"

त्यातल्या एकाचं जनुक दुसऱ्या दिवशी मागवलं.