पन्नास-साठ लाखांची इलेक्ट्रिक गाडी निवडताना: माझा अनुभव

मुंबईत महागडी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची तर पहिली चक्कर शोरूमला नको, सोसायटीच्या मीटर रूमला मारावी. माझ्या यादीत पाच गाड्या होत्या: ह्युंदाई आयोनिक 5, किया ईव्ही6, बीवायडी सीलायन 7, बीएमडब्ल्यू आयएक्स1 लाँग व्हीलबेस आणि टेस्ला मॉडेल वाय. घरी रात्रभर चार्जिंग होणार असेल तर फास्ट चार्जिंगचे आकडे वर्षातून मोजक्याच वेळा कामाला येतात, नसेल तर रोज. म्हणून आधी तो निकाल लावला.

सिंगल फेजवर 32 अँपिअरचा चार्जर 7.4 किलोवॉट देतो. म्हणजे 66 युनिटची (युनिट म्हणजेच किलोवॉट-अवर) बॅटरी 10 वरून 80 टक्क्यांवर न्यायला साधारण सात तास. 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर हेच काम सोळा-सतरा तासांचं. खरी अडचण अंतराची असते. मीटर एका विंगच्या तळाला आणि पार्किंग पोडियमच्या दुसऱ्या टोकाला. 60 मीटर लांबीवर 6 चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये 32 अँपिअरला जवळपास 14 व्होल्ट पडतात, म्हणजे सहा टक्के. 10 चौरस मिमी टाकली की ते साडेआठ व्होल्टवर येतं. वायरमन सहा सांगेल, दहाचा हट्ट धरा. सोबत 40 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीबीओ (विजेची गळती झाली की तोडणारा) हवा. जुन्या इमारतीत अर्थिंग कच्चं असतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज दिसत असेल तर चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून बसतो आणि दोष गाडीच्या माथी मारला जातो. वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) करून घेतला की कटकट मिटते. सोसायटीची एनओसी मागताना केबलचा मार्ग दाखवणारा नकाशा, मंजूर भाराचा कागद आणि स्वतंत्र मीटरसाठी वीज कंपनीकडे केलेला अर्ज एकत्र दिला, तर कमिटीला 'पुढच्या मीटिंगला बघू' म्हणायला जागा उरत नाही.

मग रेंज. इथे ब्रोशर शेजारी-शेजारी ठेवून वाचणं निव्वळ फसवं, कारण प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. सीलायनचे 567 किमी एनईडीसीचे, म्हणजे युरोपातल्या जुन्या, सैल चाचणीचे, मॉडेल वायचे 2025 च्या लाँचवेळचे 500 आणि 622 डब्ल्यूएलटीपीचे, म्हणजे युरोपातल्या नव्या, कडक चाचणीचे, बाकीच्यांचे भारतीय चाचणीचे. ईव्ही6 चं उदाहरण बोलकं आहे. 2022 मध्ये 77.4 किलोवॉट-अवर बॅटरीवर आपल्याकडे 708 किमी जाहीर झाले होते. 2025 मध्ये बॅटरी 84 ची झाली आणि आकडा 663 वर उतरला. गाडी काही बिघडली नव्हती. आधीचा आकडा शहरी चक्रापुरता होता, नव्यात जास्त वेगाचं चक्रही धरलेलं आहे. आयोनिक 5 चे भारतीय चाचणीतले 631 युरोपच्या नव्या पट्टीवर 480 च्या आसपास येतात, सीलायनचे 567 साधारण तेवढ्यावरच. म्हणून मी सगळ्या गाड्या डब्ल्यूएलटीपीवर आणल्या आणि त्यातून आणखी पंधरा टक्के वजा केले.

शहरात मात्र किलोमीटरपेक्षा तास मोजावेत. ऑक्टोबरच्या उन्हात एसी ताशी एक-दीड युनिट खातो, गाडी हलो वा न हलो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर दोन तास अडकलात तर दोन-तीन युनिटं गेली. सुदैवाने ट्रॅफिकमध्ये मोटर फारसं काही घेत नाही. घाटाचंही गणित सोपं आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरची चढण. सव्वादोन टनांच्या गाडीला त्यापायी जादा पावणेचार युनिटं लागतात, आणि उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो. पुण्याला जाताना टक्के भराभर उतरलेले पाहून घाबरून लोणावळ्यात चार्जर शोधायची गरज नाही.

बॅटरीची जातही पाहिली. सीलायनमधली ब्लेड बॅटरी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट), ती शंभर टक्के भरली तरी चालते. ईव्ही6 सारख्या गाड्यांतल्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटऱ्या रोजच्या वापरात ऐंशीपर्यंतच भरणं बरं. म्हणजे सीलायनचे 82.56 रोज जवळजवळ पूर्ण हाताशी, तर ईव्ही6 च्या 84 मधले 67.

800 व्होल्टच्या आयोनिक आणि ईव्ही6 चं '18 मिनिटांत 10 ते 80' हे 350 किलोवॉटच्या चार्जरवरचं आहे. मॉलच्या तळघरात भेटतो तो 30 किंवा 60 चा, आणि त्यातही दोन गन (चार्जिंगचे प्लग) असतील तर शेजारी गाडी लागली की वीज वाटली जाते. तिथे पाचही गाड्या सारख्याच ताटकळतात. टेस्लाचा बीकेसीतला सुपरचार्जर वेगवान खरा, पण तो त्यांच्याच गाड्यांसाठी.

किमतीतली तफावत गुणांइतकीच आयात शुल्काची आहे. आयोनिक 5 आणि आयएक्स1 चेन्नईकडे जोडल्या जातात, ईव्ही6, सीलायन आणि मॉडेल वाय परदेशातून तयार होऊन येतात. आयएक्स1 जानेवारी 2025 मध्ये 49 लाखांना आली, मॉडेल वाय जुलैत 59.89 ला, दोन्ही एक्स-शोरूम. अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची इलेक्ट्रिक गाड्यांची टोलमाफी सगळ्यांना सारखीच, त्यामुळे तुलनेत तिला शून्य गुण.

टेस्ट ड्राइव्हला चौघे बसून जावं आणि सेल्समनच्या गुळगुळीत रस्त्याऐवजी आपल्या सोसायटीच्या रॅम्पवर गाडी घालावी. लांब व्हीलबेसची गाडी रॅम्पच्या माथ्यावर पोटाला घासते. बॅटरीच्या आवरणाला मार लागला तर वॉरंटीवाले हात वर करतात, ते काम विम्याचं. बॅटरीचं ॲड-ऑन कव्हर घ्या आणि पाणी शिरल्याचं नुकसान त्यात धरलं आहे का ते वाचा. बॅटरीचं आयपी67 हे पाणी-धुळीपासून बचावाचं मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही चाचणीतल्या संथ पाण्यात. मिलन सबवे तुंबला असताना त्या भरवशावर गाडी घालणं म्हणजे वेडेपणा.

शेवटी रुंदीने निकाल लावला. दोन खांबांमधली जागा 2.4 मीटर. 1890 मिमी रुंदीच्या आयोनिकला दोन्ही बाजूंना पंचवीस सेंटीमीटर उरतात, तेवढ्यात दार उघडून माणूस बाहेर येत नाही. आयएक्स1 ची रुंदी 1845. एका बाजूला टेकून लावली तर ड्रायव्हरकडे चाळीसच्या पुढे मिळतात. आयोनिक आतून प्रशस्त, मागे पाय पसरून बसता येतं, आणि खांब नसते तर तीच घेतली असती. फक्त ती किंवा ईव्ही6 घेणाऱ्यांनी एक विचारावं: 2024 मध्ये दोन्हींच्या आयसीसीयूसाठी भारतात रिकॉल (दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) झाला होता. हा भाग 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करतो, आणि तो गेला की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी थांबते. चेसिस नंबर देऊन काम झाल्याचं लेखी घ्या.

डिलिव्हरीआधी टायरवरचे चार आकडे वाचा, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं. गोदामात बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीची 12 व्होल्टची बॅटरी थकलेली असू शकते, तिचं व्होल्टेज मोजून घ्या. स्पेअर व्हील नसेल तर पंक्चर किट डिकीत आहे का ते पाहा. आणि पैशांचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एसी (घरच्या चार्जरची) आणि डीसी (फास्ट चार्जरची) दोन्ही गन समोर लावून दाखवायला सांगा.