घाटात कुणी हात केला तर

"अरे, बेडां उघडाच आसा. भायर कित्याक बसलस?"

आईने हे तिसऱ्यांदा विचारलं. (बेडां म्हणजे आमच्याकडचं फाटक.) गाडी घराच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणापाशी, रस्त्याच्या कडेला. इंजिन चालू, गिअर टाकलेला, मी आरशात मागे बघत बसलेलो. मागे काय होतं? शेजारच्यांची एक गाय आणि वाळत घातलेली कोकमं. तरी दोन मिनिटं मी तसाच बसून राहिलो आणि मगच गाडी खळ्यात, अंगणात घेतली.

नऊ वर्षं जोहान्सबर्गला काढल्यावर ही सवय अंगातून जात नाही. सुट्टीला देवगडकडे गावी आलोय, महिना झाला, हापूस संपत आला, पण मान अजून आपोआप आरशाकडे वळते. बरेच जण विचारतात की तिकडे नेमकं भ्यायचं कशाला, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

तिथे गाडी हिसकावून घेण्याची लाडकी जागा म्हणजे आपल्याच घराचं फाटक. माणूस दमून आलेला असतो, घर दिसलं की सैलावतो. फाटक विजेवर सरकत उघडतं, त्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढा वेळ आपली गाडी तोंड फाटकाकडे करून अडकलेली. मागून दुसरी गाडी येऊन आडवी लागली की पुढे फाटक, मागे चोर. म्हणून शिकवतात की रस्त्यावरच, रस्त्याला समांतर थांबायचं. फाटक पूर्ण उघडलं, आसपास कुणी नाही याची खात्री झाली की मगच वळायचं, आणि आत गेल्यावर ते बंद होईपर्यंत नजर काढायची नाही. मागून कुणी येतंय असं वाटलं तर घराकडे वळायचंच नाही. एकाच बाजूला तीन-चारदा वळून ब्लॉकला प्रदक्षिणा घालायची. तरीही तीच गाडी मागे असेल तर सरळ पोलीस ठाणं किंवा गजबजलेला पेट्रोल पंप गाठायचा.

२०२२-२३ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत पोलिसांकडे नोंदलेल्या अशा घटना २२ हजारांच्या वर होत्या, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या आमच्या गाउटेंग प्रांतात. काही चौकांत तर सरकारनेच पाट्या लावल्यात, इथे गाड्या हिसकावल्या जातात म्हणून. आपल्याकडे 'अपघाती वळण' अशी पाटी असते ना, तसंच. पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मला हसू आलं होतं.

हसू गेलं ते एका 'रोबो'पाशी. तिथे सिग्नलच्या दिव्यांना रोबो म्हणतात. नवीन आलेल्याला कुणी सांगितलं की "दुसऱ्या रोबोला डावीकडे वळ", तर तो रस्त्यावर यंत्रमानव शोधत बसतो. तर संध्याकाळचे सहा, मी पहिल्या रांगेत, शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग. डावीकडून एक पोरगा आला. मला वाटलं काहीतरी विकायला आलाय. काचेवर टक् असा आवाज झाला, मोठा नाही, वाटी पडावी तेवढा, आणि काच साखरेसारखी सांडली. बॅग गेली. मी हात पुढे करेपर्यंत तो दुभाजकापलीकडे पोचला होता. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, कारण रोबो हिरवा झाला होता.

त्यानंतर बॅग कायम डिकीत, आणि तीही घरूनच डिकीत घालून निघायचं. पोचल्यावर चारचौघांसमोर डिकीत ठेवली तर ठेवून काय उपयोग? काचांना पातळ फिल्म लावून घेतली. काच फुटते, पण सांडत नाही, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत आपण निघून जाऊ शकतो. लाल दिव्याकडे लांबूनच हळू जायचं, म्हणजे पोचेपर्यंत हिरवा होतो आणि चाक थांबतच नाही. थांबलोच तर पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवायचं. मागे न जाता बाजूने काढायला जागा राहते.

हे अंतर ठेवण्याचं खूळ मी परवा चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर केलं. त्या मोकळ्या जागेत आधी एक रिक्षा शिरली, मग दुसरी, मग एका टेम्पोने तोंड घातलं. मागचा बोंबलतोय की पुढे सरक. जोहान्सबर्गची विद्या चिपळुणात अशी वाया गेली.

हमरस्त्याची गोष्ट वेगळी. तिथे माणूस तुमच्यापाशी येत नाही, तुम्हाला त्याच्यापाशी आणलं जातं. रात्री रस्त्यावर टोकदार लोखंडी तुकडे टाकलेले असतात, कधी दगड, कधी काँक्रीटचा तुकडा. टायर बसतो. गाडी चालवणारा साहजिकच जरा पुढे जाऊन कडेला घेतो, उतरतो, मोबाइलचा उजेड पाडून चाकाकडे बघतो. ते 'जरा पुढे' कुठे येणार याचा हिशेब आधीच झालेला असतो आणि माणसं तिथल्या गवतात बसलेली असतात. प्रिटोरियाच्या बाजूच्या आर २१ आणि एन ४ या रस्त्यांवर असे प्रकार होऊन गेलेत. तिथे जुने लोक एकच सांगतात, टायर गेला तर जाऊ दे, रिम वाकली तर वाकू दे, हळूहळू चालवत राहा, उजेड आणि माणसं दिसेपर्यंत थांबू नकोस. तिथले मोठे पंप रात्रभर उघडे असतात, ही त्यातली सोय. पुलावरून दगड टाकण्याचेही प्रकार होतात. त्यामुळे दर्बानच्या वाटेवर एन ३ ला रात्री जायचं मी सोडूनच दिलंय. जावंच लागलं आणि पुलावर कुणी उभं दिसलं, तर पुलाखाली शिरण्याआधी लेन बदलतो.

निळ्या दिव्यांचं प्रकरण सगळ्यात अवघड. मागून गाडी येते, निळे दिवे, थांबायची खूण. पोलीस असेल किंवा पोलिसाचं सोंग घेतलेला चोर असेल. थांबला नाहीत तर खरा पोलीस चिडणार, थांबलात तर खोटा पोलीस तुम्हाला सोडणार नाही. तिथे रुळलेला तोडगा असा: वेग कमी करायचा, चारही इंडिकेटर लावायचे, खिडकीतून हात काढून 'मागून या' अशी खूण करायची आणि सावकाश जवळच्या पोलीस ठाण्याकडे किंवा पंपाकडे चालायचं. जमलं तर वाटेत १०१११ ला, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या नंबरला फोन. माझ्यावर ही वेळ एकदाच आली. पोलीस खरेच होते. ठाण्याच्या दारात उतरल्यावर त्यातला एक म्हणाला, बरं केलंस. त्या क्षणी मी घामाने भिजलो होतो.

आणि समजा, सगळं करूनही समोर पिस्तूल आलंच? मग गाडी देऊन टाकायची. हात दिसतील असे वर, हालचाल सावकाश, पट्टा सोडताना 'पट्टा सोडतोय' असं तोंडाने सांगायचं, नजरेला नजर द्यायची नाही. गाडीचा विमा असतो. तिथे मर्दुमकीच्या गोष्टी फारशा कुणी सांगत नाही, कारण त्या केलेले सांगायला उरत नाहीत.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आत्या दर पावसाळ्यात तो अंड्याचा निरोप पाठवते. काचेवर अंडं मारलं तर वायपर फिरवू नका, काच दुधासारखी पांढरी होते, वगैरे. यंदा समोरासमोर भेटली तर तेच विचारलं, खरं काय रे? मी म्हटलं, अंड्याचं जाऊ दे आत्या. अंडं असो, पंक्चर असो, बाजूच्या दुचाकीवाल्याने "तेल गळतंय" म्हणून केलेली खूण असो, सगळ्यांचा डाव एकच. आपण कुठे थांबायचं ते तो ठरवणार. थांब, पण तुझ्या जागी थांब. त्याच्या नको. आत्या म्हणाली, एवढंच ना, मग फॉरवर्ड करायला कशाला नको? उत्तर सुचलं नाही.

आता गंमत ऐका. मुंबईला उतरलो त्या रात्री धाकटा चुलतभाऊ न्यायला आला होता. कशेडीला आता बोगदा झालाय, जुना घाट बाजूला पडला, मला चुकल्यासारखं झालं. संगमेश्वर मागे टाकलं, रात्रीचा दीड. एका वळणानंतर दिव्यांच्या झोतात रस्त्यावर हिरवी फांदी दिसली, तिच्यापुढे ओळीने तीन जांभ्याचे चिरे. मी ओरडलो, "थांबू नको! मागे घे, मागे घे!" हात हँडब्रेककडे गेला होता.

भाऊ हसायलाच लागला. "दादा, ट्रकाचो पाटो तुटलो आसतलो फुडे."

तसंच होतं. शंभर पावलांवर ट्रक एका बाजूला कललेला, ड्रायव्हर आणि क्लीनर खाली पथारी टाकून निवांत. फांदी आणि दगड ही त्यांची सूचना होती, लाल त्रिकोणाच्या जागी. लहानपणापासून हे मला ठाऊक होतं. कोकणातला कुठलाही पोर ही खूण वाचतो. जोहान्सबर्गात हीच खूण वाचायची असेल तर उलटी वाचावी लागते. नऊ वर्षांत मी पहिला अर्थ पुसून दुसरा लिहिला होता. (ट्रक दुरुस्त झाल्यावर ते चिरे तिथेच टाकून जातात, त्यावर चढून किती मोटरसायकली आडव्या झाल्या असतील हा वेगळा राग.)

मग उरलेली वाट भाऊ मला चिडवत होता आणि भुतांच्या गोष्टी निघाल्या. आजोबा सांगायचे, रात्री घाटात हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नये. पांढऱ्या लुगड्यातली बाई हात करते, थांबू नये. चकवा लागला तर जागच्या जागी बसून राहावं, उजाडल्यावर निघावं. मला अचानक वाटलं, हे तर सगळं आमच्या तिथल्या सूचनापत्रकात आहे! नुसता देवचार काढून चोर घातलाय. बैलगाडीने घाट उतरणाऱ्या माणसाला 'लुटारूंपासून सावध' असं सांगितलं असतं तर त्याने काठी घेतली असती आणि थांबला असता. भूत सांगितल्यावर तो थांबणारच नाही. आजोबा काही एवढा विचार करून सांगत नसतील, पण ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो शहाणा असावा.

पुढचं लिहायचं की नाही ते ठरत नव्हतं.

गेल्या मंगळवारी आईला डोळे दाखवायला कणकवलीला नेलं होतं. परतताना नांदगाव सोडलं, शिरगावच्या अलीकडे, दिवेलागणीची वेळ, दोन्ही बाजूंना काजूची झाडं. वळणावर मोटरसायकल आडवी पडलेली, एक माणूस रस्त्यावर, दुसरा उभा राहून दोन्ही हात हलवतोय. वळण, अंधार, झाडी, पडलेला माणूस. जोहान्सबर्गच्या शाळेत हा पहिला धडा. आई म्हणाली, "रे थांब, थांब." मी थांबलो नाही. आरशात तो माणूस हात खाली सोडताना दिसला.

अर्ध्या किलोमीटरवर टपरी होती, बल्ब पेटलेला, चार माणसं. मी काच खाली करून सांगायला लागलो तर वाक्य पुरं व्हायच्या आत तिघं उठले. एकाने बॅटरी घेतली, टपरीवाल्याने १०८ ला फोन लावला, मी ११२ ला. (हा ११२ तिथेही मोबाइलवरून चालतो, बोट आपोआप गेलं.) त्यांच्यातले दोघे माझ्या गाडीत बसले आणि आम्ही मागे फिरलो.

गाय आडवी आली होती. पडलेल्याचा पाय नडगीपाशी मोडला होता. हात हलवणारा त्याचा मेव्हणा. त्याने माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मगाशी हीच गाडी गेली ना?"

मी हो म्हटलं. तो पुढे काही बोलला नाही, पाय धरायचा होता. रुग्णवाहिका आली, त्याला उचलून घातलं, टपरीवाल्या पोरांनी मोटरसायकल कडेला लावली. सगळं मिळून मी त्यांचा सात-आठ मिनिटं उशीर केला असेन. पुढे जाऊन, उजेडात थांबून, माणसं घेऊन परत आलो, पुस्तकाप्रमाणे बघाल तर चूक काढता येणार नाही. आई गाडीत असताना मी पुन्हाही तेच करीन. पण तो हात खाली सोडतानाचा माणूस आरशातून जात नाही.

आई घरापर्यंत गप्प होती. गडग्याजवळ मी पुन्हा गाडी थांबवली, सवयीने. ती म्हणाली, थांब, मी उतरते. उतरली, बेड्यापाशी जाऊन उभी राहिली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघितलं आणि हाताने 'ये' अशी खूण केली. तेव्हापासून रोज रात्री गाडीचा आवाज आला की ती बॅटरी घेऊन बाहेर येते.

काल जेवताना विचारलं, "थंय तुझ्यासाठी भायर कोण उभो ऱ्हवता?"

तिथे सुरक्षा कंपन्या असतात. महिन्याचे पैसे भरले की रात्री उशिरा फोन करायचा, त्यांची बंदूकवाल्यांची गाडी फाटकाशी येते आणि आपण आत जाईपर्यंत थांबते. मी तिला सोपं करून सांगितलं, "पैसे दिल्यार माणूस येता."

"आणि नाय दिल्यार?"

मी म्हटलं, आमटी वाढ.